सातभाईची बारी

माणसाचं नाव चंद्रभान. हे नाव मी एकदा लग्नात उखाण्यात घेतलं अन् आता तुमाले सांगासाठी घेतलं. दोनदा झालं, पुरे झालं. इथून पुढं तो गुंजनचा बाबा. गुंजन आमची पोरगी, देवळीले दिली हाये.

तुमी म्हणसान, बायको नवऱ्याची गोष्ट सांगून राह्यली म्हंजे गोडगोडच सांगन. तसं काही नाई. माहं तोंड साऱ्या गावाले माहीत हाये. या माणसानं माहं जेवढं डोकं खाल्लं, तेवढे वानराइनं वांगे खाल्ले नसन.

आमची वाडी नाल्याकाठी. तिथं सात-आठ घराच्या भाजीच्या वाड्या हाये, धुऱ्याले धुरा, बांधाले बांध लागून. वांगे, फुलकोबी, सांभार म्हंजे तुमची कोथिंबीर, मेथी, बरबटीच्या शेंगा, जे येईन ते लावाचं अन् सकाळच्या टेम्पोनं वर्ध्याच्या बाजारात धाडाचं. रोही अन् डुक्कर यायचे, त्याइच्यासाठी झटका मशीन आली. तारेले तोंड लागलं का पळते. पण वानराले काय करता? तार खाली अन् वानर वर. झाडावरून सरळ वांग्यात उतरते. वरून मारोतीचं रूप, म्हणून कोणी नेम धरून गोटाही मारत नाई. हातात गोटा असते अन् तोंडात 'जा बाप्पा, जा महाराज'. वानराइलेही हे चांगलं ठाऊक हाये.

म्हणून दिवसाची जागल करा लागते. नाल्यावरच्या बाभळीजवळ मचाण हाये, तिथून साऱ्या वाड्या दिसते. वर बसाचं, टोळी दिसली का डब्बा पिटाचा, बोंब मारायची. काम एवढंसंच. पण कोणी बसाचं, यावरून आमच्या नाल्याकाठी जेवढी भांडणं झाली तेवढी हिश्श्यावाटणीतही झाली नसन.

पहिले सारा कारभार भैय्याजीकडं होता. भैय्याजीची वाडी सगळ्यात मोठी, बोअर त्याचीच, टेम्पो त्याच्याच शेडपासून निघते. माणूस वाईट नाई. लग्नात, मयतीत सगळ्याइच्या पुढं. पण आवाज असा का बोलाले लागला का समोरच्याले आपलं म्हणणं आठवत नाई. त्यानं मोबाईलवर जागलीचा ग्रुप काढला. कोणाची बारी कोणत्या दिवशी, ते टाकत जाय. सगळे अंगठे दाखवत. ग्रुपवर सारं गाव जागल करून राह्यलं होतं अन् मचाणावर कावळा बसला होता.

व्हायचं असं, का ज्याचं पीक निघून गेलं तो म्हणे, माहं त सरलं, आता मी कायले बसू? अन् ज्याचं उभं हाये तो मचाणावर बसून फक्त आपल्याच वाडीवर डोळा ठेवे. शेजारच्या वाडीत वानर उतरलं त तिकडं तोंड फिरवून तंबाखू मळे. ज्याचं पीक सगळ्यात शेवटी, त्याच्यासाठी कोणीच नाई. अन् सगळ्यात शेवटी कोण? दरवर्षी कमला.

कमला माही मैत्रीण. आमी दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आलो. तिचा नवरा नागपूरले कामाले गेला अन् तिकडचाच झाला, तिकडंच दुसरं बिऱ्हाड केलं. घरी सासू, खाटेवर पडलेली. तिले दुपारी भरवाले कमलाले घरी जा लागते. वाडीले पाणी मिळते ते सगळ्याइचं झाल्यावर, म्हणून लागवड उशिरा, पीक उशिरा. बाकीच्याइच्या वाड्या रिकाम्या झाल्या का साऱ्या टोळीले हिरवं दिसते ते एकट्या कमलाचं. ती दुपारी घरी गेली का वानरं उतरते. घड्याळ पाहून येते जनू. मागच्या साली तिची बरबटी अशी खाल्ली का शेंग दाखवाले राह्यली नाई. ती धुऱ्यावर बसून मोडलेले वेल सोडवत राह्यली. मलेच रडू आलं.

तिचा भाऊ राह्यते अल्लीपूरले. तो येऊन सांगून गेला, हे साल पाह्य कमले, नाई जमलं त वाडी भैय्याजीले मक्त्यानं दे अन् सासूले घेऊन माह्याकडं ये. भैय्याजीची वाडी तिच्या धुऱ्यालेच लागून. त्यानं हो म्हणूनही टाकलं. सासू म्हणे, मले याच घरातून उचला, दुसऱ्याच्या दारात मी मरत नाई. अन् कमला मले म्हणे, "कुंते, भावाच्या घरी गेली का मी मोलकरीण. भाऊ चांगला हाये, पण भावजयीच्या चुलीपाशी माहं काय हाये व?" काय सांगू तिले? तिच्यापाशी एक साल होतं अन् वानराची टोळी होती.

त्याच साली लोकाइनं जागलीचं काम गुंजनच्या बाबाले देल्लं. कोणी हुशार म्हणून नाई देल्लं. भैय्याजी भर टेम्पोपाशी म्हणाला, "आपला भाऊ असाही वावरात उभाच राह्यते, त्यालेच पाहू द्या." सगळे हासले. मीही हासली, खोटं काऊन बोलू? खरंच होतं ते. लहानपणी यानं गावची ढोरं चारली. रानात दिवसभर एकट्यानं बसाचं, म्हणून बोलाची सवय नाई अन् पाहाची सवय लय. पाणी द्याले जाईन अन् मुंगसाच्या मागं लागन. इकडं दांड फुटून पाणी शेजाऱ्याच्या वाडीत. नवरा केला का बगळा, असं मी कितीदा तोंडावर म्हटलं. त्याले राग येत नाई, हा आणखी एक वैताग.

एक दिवस मी वांगे तोडून राह्यली होती अन् हा बुवा रिकामी टोपली घेऊन बाभळीकडं तोंड करून उभा.

"काय पाहून राह्यले?"

"सातभाई."

"अवो, सातभाई आज पहिल्यांदा पाह्यले का? जल्मापासून कलकल करून डोकं उठवते ते पाखरं."

"सगळे खाली खाऊन राह्यले. एक वर बसून हाये."

"असन बसून. त्याले भूक नसन."

तो असा वळला माह्याकडं, का मी काही मोठं शास्त्र सांगितलं. "तेच म्हणतो मी. त्याले भूक नाई. त्याचं खाऊन झालं."

मी म्हटलं, झालं, आता हे पिसं लागलं. अन् लागलंच. रोज तेच. टोपली हातात, डोळे बाभळीत. रात्री जेवताना मले सांगे, का वर बसते तो सगळ्यात मोठा नसते. आज एक, उद्या दुसरा. ज्याचं पोट भरलं तो वर जाते. अन् वर बसून चिक् चिक् चिक् असा बारीक आवाज करत राह्यते, म्हंजे खालच्याइले मान वर करा लागत नाई. आवाज थांबला का सगळ्याइच्या माना वर. त्याले भूक लागली का तो उतरते अन् कोणी दुसरा भरल्या पोटाचा जाते. कोणी कोणाले ढकलत नाई.

"अन् कोणीच नाई गेला त?" मी विचारलं.

"त सगळेच खाणं सोडून झाडात घुसते. उपाशी."

मी म्हटलं, "भाकर खा गुमान, थंडी होऊन राह्यली." पण दुसऱ्या दिवशी मीही पाह्यलं बाभळीकडं. चोरून पाह्यलं, त्याले कळू देल्लं नाई. खरंच वर एक होता. अन् थोड्या वेळानं तो उतरला, दुसरा चढला.

मंग एका सकाळी टेम्पो भरताना गुंजनचा बाबा बोलला. जल्मात एवढं बोलला नसन. म्हणे, "आतापासून ज्याचं पीक पहिले निघालं, त्यानं पहिले मचाणावर बसाव. ज्याचं उभं हाये, त्यानं खाली आपलं काम कराव."

क्षणभर कोणाले समजलंच नाई. समजलं तेव्हा कल्ला झाला. प्रभाकररावाची फुलकोबी निघत आलती, तो म्हणे, "म्हंजे माहं वावर रिकामं अन् मी लोकाइचं राखू? हा कोणता न्याय?" भैय्याजीचं पीक त सगळ्यात पहिले निघते, बोअर हाये ना. तो खो-खो हासला. "भाऊ, पाखरं पाहून कायदे करता का? उद्या मुंगसं पाहून लग्नं लावसान!"

"लावू," हा म्हणे. सगळे हासले अन् टेम्पो निघून गेला.

कोणीच मचाणावर गेलं नाई. भैय्याजी गेला नाई, त्याचं पहिलेच निघालं होतं. प्रभाकरराव गेला नाई. वानराची टोळी चिंचेवर येऊन बसली. मी वाट पाहून राह्यली, का आता हा चार शब्द सुनावन, भैय्याजीच्या शेडवर जाईन, हक्कानं बोलावन. म्होरक्या केलं ना लोकाइनं! पण हा गेला विळा घेऊन आपल्याच हरभऱ्यात.

आमचं बाकी सारं निघत आलतं, उभा होता तो हरभरा, घाट्यावर आलता. ऐकून ठेवा, हिरवागार, दाणा भरून राह्यला होता. तो वाळू द्याचा, त्याची सालभराची डाळ होते, बेसन होते. माह्या घरातलं साल त्या हरभऱ्यावर चालते. मी सांभाराच्या शेवटच्या जुड्या बांधून वर पाह्यलं त हा बुवा हिरवा हरभरा कापून राह्यला! ओळच्या ओळ आडवी.

मी धावत गेली. "अवो, येड लागलं का? काय करून राह्यले?"

"काढून टाकतो. हिरवाच धाडतो बाजारात."

"काऊन?"

"आपलं उभं हाये तोपर्यंत मले वर बसता येत नाई. मीच म्हटलं ना, ज्याचं निघालं त्यानं."

तुमाले सांगते, त्या दिवशी मी जे बोलली ते कागदावर लिहिता येणार नाई. सात पिढ्या उद्धरल्या. सालभर बेसन कायचं खासान, सातभाइचं? लोक आपलं शहाणपण दुसऱ्यावर चालवते, अन् हा आपल्याच चुलीवर पाणी ओतून राह्यला! त्यानं विळा थांबवला नाई. फक्त एवढं म्हणे, "कमलाचं साल हाये हे." मी विळा हिसकला. हातात घेऊन उभी राह्यली. मंग मीही बसली अन् कापाले लागली. रडत होती, शिव्या देत होती अन् कापत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा मचाणावर. अन् वरून थोड्या थोड्या वेळानं आवाज, "हायेऽऽ". बस एवढंच. मी हाये, तुमी करा आपलं काम. पहिल्या दिवशी पोट्ट्याइनं लय मजा घेतली, रस्त्यानं जाता-येता "हायेऽऽ" ओरडत. गावात त्याचं नावच सातभाई पडलं. मले 'सातभाईन वहिनी' म्हणाले लागले. एकाले मी चपलेनं मारणार होती. पण खरं सांगते, दोन-चार दिवसात साऱ्या नाल्याकाठच्या कानाले त्याची सवय झाली. 'हाये' ऐकू आलं का मान वर करा लागत नाई. निंदाले वाकलेली बाई वाकलेलीच राह्यते. कमला दुपारी सासूपाशी जाय, भरवून, धुऊन-पुसून आरामात येय. तिची बरबटी फुलावर होती, वांग्याले बारके बारके टिंगरं लागले होते.

पण माणूस हाये, लाकूड नाई. एकटा किती बसन? कोणी विचाराले येत नव्हतं. एक दिवस दुपारी 'हाये' थांबलं. मी पाह्यलं, हा खाली उतरून धुऱ्यावर बसला अन् भाकर सोडली.

"वर कोण हाये?"

"कोणी नाई."

"मंग बोलवा ना कोणाले! प्रभाकरराव तिथं बिडी पिऊन राह्यला, दिसत नाई का?"

"दिसते. त्यालेही मचाण दिसते."

आवाज थांबला त खरंच, साऱ्या वाड्यातल्या माना वर झालत्या. सगळे रिकाम्या मचाणाकडं पाहून राह्यले होते अन् कोणी हलत नव्हतं. चिंचेवरची वानरंही पाहून राह्यली होती. कमला घरी गेलती. माही अशी तळपायाची आग मस्तकात गेली! नवऱ्यावर, प्रभाकररावावर, साऱ्या गावावर. आमच्याकडं बाया मचाणावर चढत नाई. मी लुगडं खोचलं, चढली, अन् वरून जी 'हायेऽऽ' केली, का वानरं त पळालीच, भैय्याजीची म्हैसही दावं तोडून पळाली. वरून मी प्रभाकररावाचं नाव घेऊन विचारलं, "भाऊजी, कोबी पचली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमी वाडीत गेलो, त मचाणावर आधीच प्रभाकरराव. गळ्याले मफलर, हातात डब्बा, अन् आवाज असा बारीक का लाजून राह्यला होता. गुंजनच्या बाबाकडून त्याले शाबास नाई, टोमणा नाई. त्यानं टोपली घेतली अन् खाली कमलाची मेथी काढाले लागला. मंग एक-एक जसा मोकळा होत गेला तसा चढत गेला. कोणाले सांगा लागलं नाई. भैय्याजी तेवढा आला नाई. म्हणे, "माह्या पिकाले कोणी राखलं होतं? मी माह्या दमावर काढलं." त्याले कोणी बोलावलंही नाई. मी बोलणार होती, पण घरच्या माणसानं हात धरला. म्हणे, "ढकलून चढवलेला वर झोपते."

कमलाची बरबटी निघाली. वांगे निघाले. टेम्पोत तिची टोपली चढली, त्या दिवशी ती माह्या गळ्यात पडून रडली, अन् मी तिले म्हटलं, "रडून काय राह्यली येडे, माह्या बेसनाचा हिशेब कोण देते?" दोघी हासलो. भाऊ अल्लीपूरहून आला, वाडी पाह्यली, जेवला अन् एकटाच वापस गेला. सासू अजून खाटेवर हाये, त्याच घरात.

आता गोष्ट इथं सरली असती. पण उन्हाळा लागला. साऱ्या वाड्या नांगरून पडल्या, नाला आटला, झाडाले पान नाई. साऱ्या शिवारात हिरवं काय? एकट्या भैय्याजीची काकडी, बोअरच्या पाण्यावर. टोळीनं चिंच सोडली अन् त्याच्या धुऱ्यावरच्या आंब्यावर मुक्काम केला. भैय्याजी पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत डब्बा पिटे. एका टोकाले पळे त दुसऱ्या टोकाले वानर. काकडी तोडाची का वानर हाकलाचं? पोरं वर्ध्याले नोकरीवर. आवाज बसला त्याचा. पण मदत मागाले तोंड कोठून आणन?

गाव खुश होतं. खोटं नाई सांगत, मीही खुश होती. प्रभाकरराव म्हणे, "आता कळू दे." एक दिवस गुंजनचा बाबा उन्हात पायात चपला घालाले लागला त मी दारात आडवी झाली. "तिकडं गेले त पाह्यजा! त्या माणसासाठी तुमी वर बसणार नाई. हासला तो तुमाले. कमलाची वाडी गिळाले बसला होता."

"सरक."

"नाई सरकत."

आमचं हे चालू होतं, अन् नाल्याकडून आवाज आला. "हायेऽऽ". बारीक. बाईचा.

आमी दोघंही गेलो. मचाणावर कमला. डोक्यावर पदर, हातात डब्बा. खाली भैय्याजी उभा, घामानं भिजलेला, अन् त्याचा तो आवाज फाटून गेलेला.

"कमलाबाई, उतरा. हात जोडतो. मले लाजवू नका. मी बसतो वर."

कमलानं खाली पाह्यलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, मी नीट पाह्यलं. राग असता त मले बरं वाटलं असतं.

"तुमी कसे बसान, भैय्याजी?" ती म्हणे. "तुमचं अजून वावरात हाये. माहं घरी आलं. माही बारी हाये."

भैय्याजी तिथंच उभा राह्यला.  त्यानं गुंजनच्या बाबाकडं पाह्यलं, का हा काही म्हणन.  काकडीच्या वाफ्यापाशी रिकामी टोपली पडलती, ती उचलून आमच्या म्होरक्यानं भैय्याजीच्या हातात देल्ली.

भैय्याजी वाफ्यात शिरला, आमच्याकडं पाठ करून वाकला अन् काकड्या तोडाले लागला. वरून कमलानं आवाज देल्ला, "हायेऽऽ".

मान वर न करता, बसक्या आवाजात तो म्हणाला, "हो, बाई."